नातवाच्या डावात कच्चा लिंबू

पत्र

ताई, मी 68 वर्षांचा, बँकेतून निवृत्त. बालपण बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाड्यात गेलं. आता मुलगा, सून आणि नातवाबरोबर मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहतो. नातू 9 वर्षांचा, चौथीत आहे. शाळेतून आला की सुनेचा जुना फोन घेऊन कोपऱ्यात बसतो आणि त्यात चौकोनी ठोकळ्यांची घरं बांधत राहतो. मी त्याला विटीदांडू करून दिला, मांडवीच्या बाजारातून भोवरा आणला. दोन दिवस खेळला, आता भोवरा सोफ्याखाली आहे. यंदा उत्तरायणाला अख्खी सोसायटी पतंग घेऊन गच्चीवर आणि हा जिन्यात फोन घेऊन! माझा राग अनावर झाला. सगळ्यांसमोर फोन हिसकावला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. सून म्हणाली, "बाबा, निदान मला विचारायचं होतं." मुलगा काहीच बोलत नाही. आमच्याकडे काही नव्हतं, तरी आमचं बालपण श्रीमंत होतं. यांच्याकडे सगळं आहे आणि बालपण कंगाल. मी चुकलो का? आणि या मुलाला त्या पडद्यातून बाहेर कसं काढू?
– एक आजोबा, बडोदे

उत्तर

काका, नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळच देते. हो, चुकलात. फोन दिवसातून किती वेळ हातात असावा याकडे मी येणारच आहे, पण तुम्ही तो हिसकावलात तेव्हा त्याचा डाव अर्ध्यावर होता. सहा लगोऱ्या रचून झाल्या आहेत, सातवी हातात आहे, आणि कुणा मोठ्या माणसाने येऊन लाथेने सगळी उतरंड उडवली, तर नऊ वर्षांच्या तुम्हाला काय वाटलं असतं? त्याला तेच वाटलं. वर हे सणाच्या दिवशी, त्याच्याच वयाच्या मुलांसमोर झालं. मुलं मार विसरतात, चारचौघांतला अपमान विसरत नाहीत.

तेव्हा आधी त्याची माफी मागा. "तुझा डाव मी मोडला, तुला विचारायला हवं होतं," एवढंच म्हणा. पुढे "पण तूसुद्धा" असं काही जोडू नका, कारण तो शब्द आला की माफी तिथेच संपते. फोन कपाटातून काढून सुनेच्या हातात द्या. त्या घरात त्या मुलाचे नियम ठरवायचे ते त्याच्या आईवडिलांनी, आणि तिने तुम्हाला जे सांगितलं त्यात फक्त एवढंच मागणं होतं. त्यात उद्धटपणा नव्हता. तुमच्या मुलाशी एकदा तुम्हीच बोला. तो गप्प आहे कारण त्याला बाप आणि मुलगा यांच्यातून एक निवडायचं नाहीये.

आता दुसरा प्रश्न. त्याला पडद्यातून बाहेर कसं काढू, असं विचारता. मी म्हणेन, आधी तुम्ही थोडे आत जाऊन या.

तुमचं पत्र आल्यावर मी तेच केलं. माझ्या भाचीचा मुलगा 10 वर्षांचा आहे. रविवारी दुपारी त्याच्याशेजारी सतरंजीवर दोन तास बसले. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून तुमचा नातू जो खेळतो तोच खेळ हाही खेळतो. माइनक्राफ्ट त्याचं नाव, 2011 साली स्वीडनमधून आलेला. याने आईचा फोन माझ्या हातात दिला, स्वतःचा घेतला, आणि आम्ही दोघं एकाच माळरानावर उतरलो. मी म्हटलं, आता काय करायचं? "काहीही," तो म्हणाला. मला ते उत्तर फार आवडलं. हाताने झाड तोडायचं, लाकडाच्या फळ्या करायच्या, फळ्यांचं टेबल, मग हत्यारं, मग घर. त्या खेळातला सबंध दिवस आणि रात्र मिळून घड्याळाच्या 20 मिनिटांत संपते, आणि त्यातला लख्ख उजेड जेमतेम 10 मिनिटांचा. अंधार पडला की भुतंखेतं निघतात. "मावशीआजी, आत ये, दार लाव!" तो ओरडत होता, आणि मला दार सापडेना. मी बाहेरच मेले.

तो हसला नाही. "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं," म्हणाला. मग स्वतःचं काम टाकून तो मेंढ्या शोधायला गेला, तीन ठोकळे लोकर आणली, तीन फळ्या घातल्या आणि माझ्यासाठी एक खाट करून दिली. एकदा त्या खाटेवर झोपलं की मेल्यावर पुन्हा तिथेच उठता येतं. "आता तू मेलीस तरी चालेल," तो मला म्हणाला.

काका, हे मी आपल्या लहानपणी पाहिलेलं आहे. तुम्हीही पाहिलं आहे. आपण त्याला कच्चा लिंबू म्हणायचो. कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ मागे लागलेला असायचा, त्याला घरी पाठवलं तर आई ओरडणार, आणि खेळात घेतला तर तो लगेच आउट होऊन भोकाड पसरणार. म्हणून त्याच्यासाठी वेगळा कायदा. तो धावेल, लपेल, ओरडेल, पण आउट झाला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. हा कायदा कुठल्या पुस्तकात नव्हता. कुणा मास्तरांनी शिकवला नव्हता. आठ-दहा वर्षांच्या पोरांनी तो आपल्या सोयीने आणि मायेने काढला होता, आणि तो तितक्याच कडकपणे पाळला जायचा. तुमच्या बालपणाची जी श्रीमंती तुम्ही म्हणता ती माझ्या मते इथे होती. विटीदांडू हे तर लाकडाचे दोन तुकडे आहेत. कुणावर राज्य, कुठली रेघ ओलांडली की बाद, टॅम्प्लीज कधी म्हणायचं, रडीचा डाव कुणी खेळला, यावर आपण खेळण्याइतकाच वेळ भांडायचो, आणि ते भांडण मिटवणारं मोठं माणूस आसपास नसायचं. वाड्यातल्या शेजारच्या गुजराती मुलांसाठी लगोरी म्हणजे सतोलियुं, गोट्या म्हणजे लखोटी, त्यांचे नियमही थोडे वेगळे. त्यामुळे रोज संध्याकाळी आधी दोन भाषांत तह व्हायचा आणि मग खेळ.

भोवरा दोन दिवसांत सोफ्याखाली का गेला, तेही यावरून कळतं. भोवऱ्याला जाळी, म्हणजे दोरी, गुंडाळून हात मारायचा, तो फिरायचा, ठीक. पण त्याचा खरा जीव कोचण्यात होता. रिंगणातल्या दुसऱ्याच्या भोवऱ्यावर आपल्या आरीची खूण पाडायची आणि ती दुसऱ्या दिवशी गल्लीभर दाखवायची. तुमच्या नातवाला भोवरा मिळाला, रिंगण मिळालं नाही. एकट्या मुलाने एकट्या भोवऱ्याचं करायचं काय?

आणि आपल्या काळाबद्दल आणखी एक सांगते, रागावू नका. तो श्रीमंत होता तो बराचसा मुलग्यांसाठी. मी आणि माझी बहीण दिवेलागणीला आत असायचो. विटीदांडूला आम्हाला कुणी घेत नसे, आमच्या वाट्याला सागरगोटे, काचापाणी, आणि नवरात्रात एकीकडे गरबा तर दुसरीकडे भोंडला. भाचीच्या मुलाबरोबर त्या माळरानावर दुसऱ्या गावातली त्याची मावसबहीणही खेळते, आणि त्या दोघांत जास्त उंच बुरूज तिचा आहे.

आपण ज्याला पूर्वापार म्हणतो तेही फारसं पूर्वापार नसतं. दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाला प्रो. माणिकराव आणि त्यांचा आखाडा, जुम्मादादा व्यायाममंदिर, यांची ओळख मी करून द्यायला नको. पण हुतूतूचं, म्हणजे आजच्या कबड्डीचं, उदाहरण घ्या. आधी ते गावोगाव वेगळं होतं. संजीवनी प्रकारात मेलेला गडी परत उठायचा, गामिनीत मेला तो बाहेर बसायचा, आणि अमरमध्ये गडी बाद होऊन बाहेर जायचाच नाही, नुसते गुण मोजायचे. 1923 साली आपल्याच बडोद्यात हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय सामने भरवले आणि त्या सुमाराला नियम छापील झाले. गड्यांची संख्या, मैदानाचं माप, वेळ, सगळं ठरलं. त्याने खेळ देशभर पसरला, आज तो टीव्हीवर दिसतो, हे चांगलंच झालं. पण त्या दिवशी कुणीतरी आजोबा मैदानाच्या कडेला उभे असतील आणि त्यांना वाटलं असेल, आता पोरं आपले नियम आपण कधी करणार?

पडद्याचंही तसंच. आपल्याकडे पडदा आला तो माणसं जमवत आला. सयाजीराव महाराजांच्या राज्यात ग्रंथालय खात्याची एक दृश्यशिक्षण शाखा होती. ती मॅजिक लँटर्न, म्हणजे पडद्यावर चित्रं दाखवणारा दिवा, आणि चित्रपट घेऊन गावोगाव जायची आणि लोक फुकट बघायचे. 1975 मध्ये इस्रोने उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा वर्षभराचा प्रयोग केला, सहा राज्यांतली सुमारे 2400 गावं त्यात होती. त्याच काळात आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात पीजला प्रक्षेपण केंद्र निघालं. गावाला एक संच, आणि समोर सगळं गाव मांडी घालून. पुढे आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तेव्हा त्या घराच्या ओट्यावर पन्नास तरी चपला असायच्या. पोरं पुढे, बायका मागे, पुरुष दारात उभे, आणि घरमालकीण मधूनच सगळ्यांना पाणी द्यायची. मग घरोघरी संच आला. मग खोलीत. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि तो तळहातावर आला. 2020 मध्ये तर शाळाच त्या फोनमध्ये घुसली. तुमचा नातू तेव्हा अगदी लहान असेल, पण घरात मोठी माणसंही दिवसभर त्याच खिडकीशी बसलेली त्याने पाहिली आहेत. पिढ्यांमागे पडदा लहान होत गेला आणि त्याच्यासमोर बसणारी माणसं कमी होत गेली. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची. नातू ठोकळे रचतो याची नाही, तो ते एकटा रचतो याची.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं की तुम्ही त्याच्या डावात कच्चा लिंबू व्हा. माफी मागून झाली, दोन-तीन दिवस गेले, की त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि म्हणा, "मला यातलं काही येत नाही, घेतोस का?" लगेच हो म्हणणार नाही. दोनदा विचारा. शिकवण्याच्या निमित्ताने जाऊ नका, शिकायला जा. तुम्ही मराल, पडाल, त्याचं घर चुकून मोडाल. तो वैतागेल आणि मग तुमच्यासाठी नियम करेल. त्याच्या हातून तो नियम व्हायला हवा.

याचा अर्थ वेळेला धरबंद नको असा मुळीच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं आहे ते असं: 2 वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच, 2 ते 5 वर्षांत दिवसाला 1 तासाच्या आत, 5 ते 10 वर्षांत 2 तासांच्या आत. हे सुनेला आणि मुलाला दाखवा, नातवाला सोबत बसवा, आणि वेळ चौघांनी मिळून ठरवा. त्यात एक गोष्ट त्याच्या बाजूने घाला: वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी हाक मारायची, म्हणजे हातातलं काम त्याला पुरं करता येईल. रात्री फोन झोपायच्या खोलीत नसावा. हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू, तुमच्या व्हॉट्सअॅपलाही. खेळात पैसे टाकून वस्तू विकत घेता येतात, तेव्हा ओटीपी त्याच्या आईवडिलांकडेच राहू द्या. अनोळखी लोकांशी बोलायची सोय बंद आहे का, हे मुलाला एकदा बघायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि व्यसनाची भीती. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत, 2022 पासून लागू झालेल्या, खेळाच्या विकाराची नोंद आहे हे खरं. पण त्याची लक्षणं वाचा: खेळणं आवरत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण 12 महिने चाललेलं असतं. तुमच्या पत्रातला मुलगा शाळेत जातो, विटीदांडू दोन दिवस का होईना खेळतो, आणि रागावला की अबोला धरतो. हा आजारी मुलगा नाही. झोप उडाली, शाळेत जायचं नाकारू लागला, फोन नसला की तोडफोड करू लागला, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे न्या, वाट पाहू नका.

बाहेरच्या खेळाला मी कमी लेखत नाही. मुलांच्या डोळ्यांना दिवसाचा उजेड लागतो. जी मुलं रोज बाहेर वेळ काढतात त्यांना चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे नेत्रतज्ज्ञ आता ठामपणे सांगतात. घाम, गुडघ्याची खरचट, आणि ज्याच्याशी आज भांडलो त्याचंच तोंड उद्या सकाळी पाहायचं, हे कुठल्याच फोनमध्ये मिळत नाही. पण काका, एकदा संध्याकाळी सहा वाजता खाली उतरून बघा. तुमच्या सोसायटीत मुलाने खेळायचं कुठे? पार्किंगमध्ये गाड्या आहेत. बहुतेक भिंतीवर बॉल खेळायला मनाई अशी पाटीही असेल. गेटबाहेर रस्ता. तुमच्या वाड्याला चौक होता, समोरची गल्ली गाड्यांची नव्हती, आणि प्रत्येक ओट्यावर कुणीतरी म्हातारं माणूस बसलेलं असायचं. त्या डोळ्यांच्या भरवशावर आपल्या आया निर्धास्त स्वयंपाक करायच्या. आता ते म्हातारं माणूस तुम्ही आहात, आणि तुम्ही बहुधा वर फ्लॅटमध्ये बातम्या बघत बसला आहात.

हे काम खरोखर तुमच्याशिवाय कुणी करू शकणार नाही. सोसायटीच्या मीटिंगला उभे राहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा पार्किंगची एक बाजू रिकामी मागा. एकच तास. काच फुटली तर वर्गणीतून, हेही आधीच ठरवून टाका, म्हणजे तिसऱ्या दिवशी सगळं बंद पडणार नाही. तरुण आईबापांनी मागितलं तर वाद होतील, 68 वर्षांच्या माणसाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. मग तुम्ही आणि तुमच्या वयाचे आणखी दोघं खुर्च्या टाकून तिथे बसा. पोरांना खेळ शिकवू नका. भांडणं झाली तर लगेच मध्ये पडू नका. रक्त आलं तरच उठा.

पुढच्या उत्तरायणाला वर्ष आहे. तोवर पतंगाचा किन्ना कसा बांधायचा ते त्याला दाखवा, घाई नाही. आमच्या लहानपणी फिरकी धरणाऱ्यालाही "काप्यो छे" ओरडायचा पूर्ण हक्क होता. त्याला आधी फिरकी द्या. दोरी मात्र सुती. ती चायनीज नायलॉनची दोरी देशभर बंदी असूनही अजून विकली जाते, आणि तिने पक्षी आणि माणसं दोन्ही मरतात.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते. पत्रात तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत की तो "चौकोनी ठोकळ्यांची घरं बांधत राहतो." काका, तुमच्या नातवाला घरं बांधता येतात. आणि तुमच्या डोक्यात एक घर आहे जे त्याने कधी पाहिलेलं नाही. दांडिया बाजारातला तो वाडा. तो आज उभा आहे की त्या जागी दुकानं आली आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काही असलं तरी त्याला सांगा, "मला आमचा वाडा बांधून देशील?"

तो लगेच विचारेल, केवढा? तिथून तुमचं काम सुरू. डोळे मिटून चाला. दिंडी दरवाजा, आत चौक, डावीकडे आड, तुळशीवृंदावन, समोर ओसरी, ओसरीत झोपाळा, त्याच्या कड्या. वरच्या मजल्यावर जायला किती पायऱ्या होत्या? तिसरी पायरी वाजायची का? त्या खेळातला एक ठोकळा म्हणजे एक मीटर, तुमची मापं फुटांत. वाड्याची दर्शनी बाजू 18 फूट धरली तर साडेपाच ठोकळे भरतात, आणि रुंदीत अर्धा ठोकळा तिथे मिळत नाही. पाच घ्यायचे की सहा, यावर तुमचं आणि त्याचं वाजेल. तुम्ही म्हणाल वाडा लहान दिसतो, तो म्हणेल मग झोपाळा मावणार नाही. कदाचित तोच सुचवेल की एक फूट म्हणजे एक ठोकळा धरू या, मग सगळं मावेल, फक्त वाडा किल्ल्याएवढा होईल. तेव्हा लगेच हो म्हणू नका. थोडं भांडा त्याच्याशी.